‘एकच शिक्षा, शिरच्छेद’? बद्रच्या कैद्यांचं काय झालं ते बघा

‘इस्लामी कायद्यात युद्धकैद्याला एकच शिक्षा, शिरच्छेद,’ असा मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. पुरावे तीन: कुराणातली एक आयत, बनू कुरैझा आणि आयसिसचे व्हिडिओ.

आयत आहे ८:६७ (आठवा अध्याय, ६७वी आयत). शत्रूचा पुरता बीमोड होईपर्यंत पैगंबराने कैदी धरू नयेत, असा तिचा आशय. ही बद्रच्या लढाईबद्दलची (इ.स. ६२४, मदिनेचे मुसलमान विरुद्ध मक्केवाले), मग बद्रलाच काय झालं ते बघू. मक्केचे सत्तरेक जण हाती लागले. त्यातल्या दोघांना मारलं. बाकीचे बहुतेक खंडणी घेऊन सोडले, आणि ज्यांच्याकडे पैसा नव्हता पण लिहिता येत होतं त्यांनी मदिनेतल्या मुलांना लिहायला शिकवून सुटका मिळवली. अबू अझीझ नावाच्या कैद्याची आठवण सीरा-ग्रंथांत (पैगंबरांच्या जुन्या चरित्रांत) आहे. पकडणारे स्वतः खजूर खात आणि भाकरी त्याला देत. त्याला लाज वाटून तो परत करी, तर पुन्हा त्याच्याच हातात ठेवत. त्याचा सख्खा भाऊ मुसअब मुसलमान झालेला. तो मात्र म्हणाला, ‘घट्ट बांधा, याची आई पैसेवाली आहे!’ शेवटी आईने ४००० दिरहम मोजले. शिवाय ४७:४ ही आयत कैद पक्की झाल्यावर दोन वाटा सांगते: उपकार म्हणून सोडा, नाहीतर खंडणी घ्या. फॉरवर्डमध्ये ती नाही.

बनू कुरैझाचं मात्र खरं आहे. इ.स. ६२७ मध्ये या ज्यू टोळीतले पुरुष मारले गेले (पैगंबरांचा जुना चरित्रकार इब्न इसहाक ६०० ते ९०० आकडा देतो), बायका-मुलं गुलाम झाली. ‘त्यांनी करार मोडला होता’ म्हणून ते हलकं होत नाही. पण ‘एकच शिक्षा’ त्यातूनही निघत नाही, कारण तीनच वर्षांनी हुनैनच्या लढाईनंतर हवाझिन टोळीचे सुमारे ६००० कैदी, बहुतेक बायका-मुलं, सोडून दिले गेले.

फकीहांना, म्हणजे इस्लामी कायदेपंडितांना, म्हणूनच एका नियमावर येता आलं नाही. शाफिई या कायदेपंथात इमामापुढे (म्हणजे राज्यकर्त्यापुढे) चार पर्याय: ठार मारणं, गुलाम करणं, सोडणं, खंडणी घेणं. हनफी या दुसऱ्या पंथाचे जुने पंडित कैद्याला फुकट सोडायला राजी नव्हते. उलट हसन बसरी आणि अता या सुरुवातीच्या पंडितांच्या मते कैद्याला मारायचंच नाही. गुलामीचा पर्याय मात्र या कायद्यात शतकानुशतकं राहिला, त्यामुळे ‘(युद्धकैद्यांना संरक्षण देणाऱ्या) जिनिव्हा कराराच्या १३०० वर्षं आधीच सगळं होतं’ हा दुसऱ्या बाजूचा फॉरवर्डही तितकाच भंपक.

राहिलं आयसिस. २०१५ मध्ये जॉर्डनच्या वैमानिकाला जाळल्याचा व्हिडिओ त्यांनी काढला. आगीची शिक्षा फक्त अल्लाह देतो, अशी हदीस (पैगंबरांचं वचन) बुखारी या प्रमाण संग्रहात आहे. त्यामुळे जाळणं योग्य ठरवायला त्यांना वेगळा फतवा काढावा लागला.

‘पण तेव्हा कुणी विरोध केला का?’ असंही फॉरवर्डवाला विचारतो. केला. इराकचा कर्दनकाळ सुभेदार हज्जाज याने एक कैदी मारण्यासाठी पैगंबरांचे सहकारी इब्न उमर यांच्या हवाली केला, तेव्हा ‘आम्हाला असा हुकूम नाही’ म्हणत त्यांनी नकार दिला, आणि हज्जाजला तीच ४७:४ वाचून दाखवली.