रातायस्की शेवटच्या आठांत पोहोचला, म्हणून डार्ट्स सोपा ठरत नाही

१ जानेवारी २०२६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये जागतिक डार्ट्स स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत जगज्जेत्या ल्यूक लिटलरने पोलंडच्या क्शिश्तोफ रातायस्कीला ५–० ने हरवलं. तेव्हापासून एक मत जोरात फिरतंय. त्याचा गाभा असा: ‘पन्नाशीला टेकलेला माणूस, तोही डार्ट्सची परंपरा नसलेल्या देशातला, जगातल्या शेवटच्या आठांत येतो. नावावर एक मोठं विजेतेपद नाही. लिटलरसमोर एक सेटही निघाला नाही. यावरूनच कळतं की हा पबमधला खेळ किती सोपा आहे.’

वाचायला हे पटकन पटतं, म्हणूनच ते खोडायला हवं.

आधी ‘मोठं विजेतेपद नाही’ हे घेऊ, कारण ते सरळसरळ चूक आहे. रातायस्कीने २०१७ मध्ये वर्ल्ड मास्टर्स जिंकली. १९७४ पासून चालत आलेली ही स्पर्धा डार्ट्समधल्या सर्वांत जुन्या मानाच्या स्पर्धांपैकी एक. अंतिम सामन्यात त्याने इंग्लंडच्या मार्क मॅकगीनीला ६–१ असं हरवलं. मग पीडीसी या व्यावसायिक सर्किटवर २०१९ ची जिब्राल्टर डार्ट्स ट्रॉफी, अंतिम फेरीत डेव्ह चिझनॉलवर ८–२. युरोपियन टूर, म्हणजे पीडीसीची युरोपातली स्पर्धा-मालिका; तिच्यातली स्पर्धा जिंकणारा तो पहिला पोलिश खेळाडू. पीडीसीचं टीव्हीवर गाजणारं मोठं विजेतेपद मात्र त्याच्याकडे नाही, हे मान्य. पण ‘ते एक नाही’ आणि ‘काहीच नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता ‘सोपा’ या शब्दाकडे येऊ. खेळाडू बोर्डपासून २.३७ मीटरवर उभा राहतो. ट्रेबल वीसची, म्हणजे विसाचे तिप्पट गुण देणारी, पट्टी जेमतेम ८ मिलिमीटर रुंद, साधारण करंगळीच्या नखाएवढी. आणि बोर्डवर वीसच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला पाच. म्हणजे हात केसभर सरकला तर साठऐवजी तीन किंवा पंधरा, तारेच्या वर-खाली गेला तर नुसते वीस. ५०१ वरून मोजत शून्यावर यायचं, आणि शेवटचा डार्ट डबलच्या, म्हणजे दुप्पट गुणांच्या, तशाच अरुंद पट्टीत बसायला हवा. असा एक डाव म्हणजे लेग, आणि काही लेग मिळून एक सेट. चाळीस उरले की डबल वीस मारायचा. चुकून साधा वीस लागला तर वीस उरतात, लगेच डबल दहा. हा हिशेब हात थांबू न देता डोक्यात चालतो. एकदा हे जमणं वेगळं. समोरचा तीन डार्टमध्ये सामना संपवण्याच्या तयारीत उभा असताना, रात्रभर जमणं वेगळं. आपल्याकडे कॅरमबद्दलही लोक असंच बोलतात, आणि कॅरमच्या स्पर्धा खेळलेल्याला ते किती लागतं हे मी जवळून पाहिलंय.

पबमध्ये लाखो लोक डार्ट फेकतात हे खरंच आहे. गल्लीत क्रिकेटही कोट्यवधी मुलं खेळतात. खेळायला सुरुवात सोपी असली की शिखरावरची गर्दी वाढते, आणि त्या गर्दीत टिकणं आणखी अवघड होतं.

वयाचं काय? रातायस्की १ जानेवारी १९७७ चा, स्कार्झिस्को-कामियेन्नाचा. वर्ल्ड मास्टर्स जिंकली तेव्हा चाळिशीचा होता, जिब्राल्टरला बेचाळीस. यात ‘कोणीही करू शकतं’ असं काही नाही. डार्ट्समध्ये पायांचा वेग लागत नाही, म्हणून कारकीर्द लांबते, एवढंच. फिल टेलरने सोळावं जगज्जेतेपद पन्नाशी ओलांडल्यावर मिळवलं, आणि लिटलर सतराव्या वर्षी जगज्जेता झाला. या खेळात सतरा वर्षांच्या मुलाला आणि पन्नाशीच्या माणसाला एकाच रांगेत उभं राहून लढावं लागतं. वयोगटाची सवलत इथे कोणालाच नाही.

राहिला देशाचा मुद्दा. मला सगळ्यात जास्त खटकतो तो हाच. पीडीसीचे आजवरचे जगज्जेते फक्त पाच देशांतून आले: इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, नेदरलँड्स आणि कॅनडा. खेळ इतका सोपा असता तर ही यादी एवढी छोटी राहिली नसती. ज्याच्या देशातून त्याच्याआधी कोणी जागतिक स्पर्धेच्या शेवटच्या आठांत गेलं नव्हतं, त्याचं तिथवर जाणं हा सोपेपणाचा पुरावा कसा होईल? ते पहिल्यांदा घडलं २०२१ च्या स्पर्धेत. कोविडमुळे पहिल्या रात्रीनंतर सभागृह रिकामं होतं, एरवी गाण्यांनी दणाणणारं ते ठिकाण शांत. चौथ्या फेरीत रातायस्कीसमोर जर्मनीचा गॅब्रिएल क्लेमेन्स होता, ज्याने आदल्याच फेरीत गतविजेत्या पीटर राइटला घरी पाठवलं होतं. सेट ३–३. निर्णायक सेटमध्येही जिंकायला लागणारी दोन लेगची आघाडी कोणालाच मिळेना आणि सामना एका शेवटच्या लेगवर आला. तो लेग रातायस्कीने काढला. पुढच्या फेरीत, १ जानेवारीला, स्वतःच्या चव्वेचाळिसाव्या वाढदिवशी, तो स्टीफन बंटिंगकडून ५–३ ने हरला. त्याच उन्हाळ्यात ब्लॅकपूलला वर्ल्ड मॅचप्ले या पीडीसीच्या मोठ्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचला. दोन वर्षांनी पीडीसीने वॉर्साच्या तोरवार सभागृहात स्वतःची स्पर्धा भरवली. हे एकट्या त्याच्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, पण पोलिश प्रेक्षकांना आपला म्हणून ओरडायला कोण होतं, ते उघड आहे.

आणि ते ५–०. तोही वाढदिवसच होता, एकोणपन्नासावा. तिथवर यायला १२८ खेळाडूंच्या स्पर्धेत चार सामने जिंकावे लागले होते. दोन दिवसांनी अंतिम सामन्यात लिटलरने गिआन व्हॅन व्हीनला ७–१ असं उडवलं. हा व्हॅन व्हीन ल्यूक हम्फ्रीज आणि गॅरी अँडरसन या दोन माजी जगज्जेत्यांना हरवून तिथे आला होता. त्यालाही लिटलरसमोर एकच सेट मिळाला, मग रातायस्कीचं ५–० हे खेळ सोपा असल्याचा पुरावा कसं ठरेल?