जीप आहे तशीच राहू द्या

माझ्याकडे महिंद्राची एमएम ५४० आहे. डिझेल, फोर बाय फोर. कोल्हापुरात ही गाडी घेऊन कुठंही थांबलं की दोन प्रश्न ठरलेले. विकायची आहे का? आणि टायर मोठे का नाही टाकले? पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं जरा लांबलचक आहे, म्हणून ही पोस्ट.

ज्यांनी ही गाडी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात जोडायला घेतली, आणि पुढची कित्येक वर्षं त्याच बांध्याच्या गाड्या निघत राहिल्या. एमएम ५४० त्याच घराण्यातली. प्यूजोचं २११२ सीसी एक्सडीपी इंजिन, ताकद ६२ हॉर्सपॉवरच्या आसपास. पुढंमागं सलग एक्सल, चारी बाजूंना स्प्रिंगचे पाटे. टर्बो नाही, सेन्सर नाही, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) नाही. माझ्या गाडीचं इंजिन बंद करायचं तरी केबल ओढावी लागते. इतकी साधी गाडी, आणि बिघडलेलं सगळं डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं. जुन्या जीपचं खरं सुख मला यात वाटतं.

चालवण्याचं सुख आहेच. भर आषाढात राधानगरी-भुदरगड भागातल्या एखाद्या पाणंदीत शिरावं. तांबड्या चिखलात ट्रॅक्टरच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या, दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच ओढ्याचं पाणी. तिथं हब लॉक करून, म्हणजे पुढची चाकं एक्सलला जोडून, दांडी ओढून लो रेशिओत टाकली की चाकाचा जोर जवळजवळ अडीच पट होतो आणि वेग तेवढाच उतरतो. मग अॅक्सिलरेटरवरून पाय काढला तरी गाडी आपल्या चालीनं, न घसरता, उतार उतरते. ब्रेकला पाय लावायचाच नाही, इंजिनच धरून ठेवतं. शेजारी बसलेल्या माणसाचा सीट घट्ट पकडलेला हात हळूहळू सैल पडतो, ते बघण्यासारखं असतं.

एक गोष्ट नव्या मालकांनी पक्की ध्यानात ठेवावी. या गाड्यांना मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअर, नसतो. फोर बाय फोर टाकल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगानं फिरतो. चिखलात, वाळूत चाक थोडं सरकतं, म्हणून चालून जातं. कोरड्या डांबरी रस्त्यावर तसंच वळवलं तर सगळा ताण क्रॉसवर (शाफ्टच्या सांध्यावर) आणि गिअरवर येतो. रंकाळ्याला फिरायला जाताना फोर बाय फोर टाकून मिरवणारे मी पाहिलेत. गाडीच्या हाडांवर घाव आहे तो.

आता टायर. जुन्या जीपचं सर्वांत भीतिदायक दुखणं म्हणजे हँडल मारणं. ४०-५० च्या वेगात पुढचं एक चाक खड्ड्यात आदळतं आणि अख्खं स्टिअरिंग हातात थडथडायला लागतं, थांबतच नाही. गाडी जवळजवळ उभी करावी लागते. लोक टाय रॉडचे एंड बदलतात, डँपर लावतात, अलाइनमेंट करतात. पण बऱ्याचदा मूळ असतं किंगपिनच्या, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीच्या, बेअरिंगमध्ये. त्यांच्या झाकणाखाली कागदासारख्या पातळ शिमा (पत्र्याच्या चकत्या) असतात. बेअरिंग झिजलं की तिथला दाब सुटतो आणि चाक मोकळं होतं.

आमचे मिस्त्री हे काम कसं करतात ते बघत बसावं. टाय रॉड सोडवतात, चाक काढतात, मग नकलच्या (चाक वळवणाऱ्या भागाच्या) आर्मला शाळेतल्या प्रयोगशाळेत असायचा तसला ताणकाटा अडकवून हळू ओढतात. काटा किती दाखवल्यावर आर्म हलायला लागतो ते बघायचं. सैल असलं तर एक शीम काढायची, पुन्हा बोल्ट कसायचे, पुन्हा ओढायचं. जड झालं तर त्यातली पातळ शीम परत घालायची. घाई नाही, आवाज नाही. एका बाजूलाच अर्धा दिवस जातो. ते झाल्यावर बोटं पुसत मला म्हणाले, "दादा, मोठं टायर घालून हँडल मारतंय म्हणून माझ्याकडं यायचं न्हाई. आधीच सांगून ठेवतो."

त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. मोठं आणि जड चाक लावलं की किंगपिन, व्हील बेअरिंग, स्टिअरिंग बॉक्स, ब्रेक सगळ्यांवर जादा भार पडतो. बासष्ट घोड्यांचं इंजिन तेवढं मोठं चाक ओढताना चढाला धापा टाकतं. मग गाडी उचलण्यासाठी पाट्यांखाली ठोकळे येतात, शाफ्टचा कोन बिघडतो, क्रॉस फुटतो. मग इंजिन बदलायची टूम निघते. त्यात २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलंय की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. पण कायदा बाजूला ठेवला तरी मला याचं वाईट वाटतं. तीस-पस्तीस वर्षं तग धरलेली गाडी फोटोसाठी दोन वर्षांत संपवायची, हा कसला नाद?

त्रास भरपूर आहे, तो झाकायचं कारण नाही. स्पेअरचा तर फारच. डब्यावर नाव एक, आत माल भलताच. एका दुकानातून आणलेला नवा कोरा क्रॉस महिन्याभरात कुरकुरायला लागला. उघडला तर आतल्या बेअरिंगच्या सुया निळ्या पडलेल्या. जुना, झिजलेला पण मूळ पार्ट कित्येकदा नव्यापेक्षा बरा निघतो.

इथं कोल्हापूरकर म्हणून आपण नशीबवान आहोत. शिवाजी उद्यमनगरात, आपल्या कारखान्यांच्या वस्तीत, पार्ट नाही मिळाला तर करून मिळतो. पाट्याच्या शॅकलचे बुश बाजारातले टिकेनात म्हणून मी जुना पिन घेऊन एका लेथवाल्याकडं गेलो. त्यांनी पिन मापला, तो एका बाजूनं झिजलाय हे मला दाखवलं, आधी पिन नवा केला आणि मग त्याच्या मापाला गनमेटलचे बुश काढले. शेवटचा कट घेताना थांबून पिन घालून बघितला, "अजून दोन थाऊ" (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) म्हणाले आणि पुन्हा मशीन चालू केली. ते बुश आजही आवाज करत नाहीत. ओतकाम, टर्निंग, गिअर कटिंग हे सगळं दोन-तीन गल्ल्यांत मिळणारं गाव सोडून जुनी गाडी दुसरीकडं पाळायची म्हणजे अवघडच.

कागदांचं थोडक्यात. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, त्यासाठी तपासणी, वर पर्यावरण कर. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारींना १०,००० केली. २०२१ च्या व्हिंटेज नियमात ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाड्याच बसतात, आपल्या ५४० अजून नाहीत. माझं मत असं की गाडीचं वय बघून नव्हे, तब्येत बघून पैसे आणि परवानगी ठरावी. वर्षातून थोडीच धावणारी, नीट पंप-नोझल केलेली जीप आणि रोज काळा धूर ओकणारी गाडी एका तराजूत घालू नयेत.

पुराच्या पाण्याबद्दलही बोलायला हवं, कारण पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की "जीप आहे ना, चल" म्हणणारे फोन सुरू होतात. गाडी उंच आहे, मान्य. पण गरम झालेला एक्सल पाण्यात गेला की गार होताना आत हवा ओढतो, आणि ब्रीदर (हवा जायची नळी) किंवा सील खराब असेल तर हवेबरोबर पाणीही. नंतर प्लग काढून बघा, ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं असतं. ते त्याच आठवड्यात बदललं नाही तर बेअरिंग गेलीच. कुणाचा जीव वाचवायला गाडी घालावी लागली तर जरूर घाला. रील करायला नको.

आणि पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर तर मुळीच नको. जांभ्यावर बोटभर माती, त्यात श्रावण-भाद्रपदात उमलणारी फुलं. एकदा चाक फिरलं की चाकोरी वर्षानुवर्षं तशीच राहते. ते आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे, पण नसतं तरी माझं म्हणणं हेच. जीप चालवायला पाणंदी कमी आहेत का आपल्याकडं? शेतकऱ्याला विचारून जावं, त्याचा बांध मोडू नये, जमलं तर चिखलात रुतलेली त्याची ट्रॉली ओढून द्यावी.

मला सध्या ५४० चे पुढचे मूळ हब लॉक हवेत, दोन्ही बाजूंचे. चालू नसले तरी चालतील, उद्यमनगरात बघून घेऊ. कुणाच्या गोठ्यात, गॅरेजच्या माळ्यावर पडून असतील तर भंगारवाल्याला घालण्याआधी मला मेसेज करा. कागल, गारगोटी, चंदगड, कुठंही असा, मी येऊन घेऊन जाईन.