‘डिलिव्हर्ड’ दाखवलेल्या लेन्सबद्दलच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ दिसतंय पण लेन्स आलेलीच नाही, विक्रेत्याने, म्हणजे मी, कुरियरकडे बोट दाखवलं आणि ऑर्डर केलेल्या साइटवर (प्लॅटफॉर्मवर) पैसे परत मिळण्याचा दावा टाकल्यावर तुम्हालाच खोटं पाडायला निघालो, असं तुम्ही लिहिलं आहे. लेन्स तुम्हाला मिळाली नाही हे मला पहिल्या दिवसापासून मान्य आहे. खोटं पाडण्याचा आरोप मात्र मान्य नाही.

‘डिलिव्हर्ड’ म्हणजे डिलिव्हरीवाल्याने यंत्रावर तशी नोंद केली, इतकंच. ट्रॅकिंगच्या पानावर बहुधा गाव आणि पिनकोड दिसतो, दार दिसत नाही. म्हणून मी कुरियरकडे पोहोच मागितली: सही, फोटो किंवा ओटीपी, आणि स्कॅन कुठे झालं ते ठिकाण. कुरियरशी करार पाठवणाऱ्याचा असतो, त्यामुळे तक्रार मलाच करावी लागते आणि ती मी केली. शेजारी विचारून बघा, ‘मिळालं नाही’ असं लेखी द्या, हे मी तुम्हाला सांगितलं. शोध सुरू करण्याआधी कुरियरला या दोन गोष्टी हव्या होत्या.

आता दावा. प्लॅटफॉर्म विक्रेत्याला उत्तरासाठी मोजके दिवस देतो. गप्प बसलं की निकाल विरुद्ध लागतो आणि खात्यावर शेरा बसतो. त्या फॉर्मवर दोनच पर्याय होते, पैसे परत करा किंवा पुरावे जोडा. ‘ग्राहक खरं बोलतोय, पार्सल कुरियरकडे हरवलंय’ असा पर्याय कोणीच ठेवलेला नाही! मी ट्रॅकिंग, पॅकिंगचे फोटो आणि पिकअपचं, म्हणजे कुरियरने पार्सल उचलतानाचं, वजन जोडलं. वजन तुमच्यावर संशय म्हणून नव्हे. रिकाम्या खोक्याचे दावेही येतात, म्हणून तो रकाना सगळ्यांसाठीच भरावा लागतो.

मग पैसे लगेच का दिले नाहीत? कुरियरने नीट पोहोच दाखवली नाही तर पूर्ण रक्कम परत करीन, हे मी प्लॅटफॉर्मवरच्या मेसेजमध्ये लिहून दिलं होतं. त्याच सुमारास तुम्ही बँकेतून चार्जबॅकही टाकलात, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे बँकेमार्फत परत मागितलेत. बँकेची प्रक्रिया सुरू झाल्यावर प्लॅटफॉर्मने आपला दावा बंद केला, रक्कम माझ्या खात्यातून अडकवून ठेवली गेली आणि निर्णय बँकेकडे गेला. अशा वेळी मी वेगळा परतावा दिला असता, तर तीच रक्कम दोनदा जाण्याची शक्यता होती. तुम्हाला जाणवलेली शांतता ती हीच. एकाच वेळी दोन दारं ठोठावायची घाईही नव्हती: पेपॅलसारख्या ऑनलाइन पैसे भरायच्या सेवेत अशी तक्रार पैसे भरल्यापासून 180 दिवसांपर्यंत नोंदवता येते, आणि व्हिसा-मास्टरकार्डच्या चार्जबॅकची मुदत बहुतेक प्रकारांत 120 दिवसांची असते.

कुरियरची पोहोच आता आली आहे. फोटोत एक दार आहे, त्यावर ना नाव ना क्रमांक, आणि ठिकाणाची नोंद कोरी. एवढ्यावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही. चार्जबॅक मला मान्य असल्याचं बँकेला कळवलं आहे, रक्कम तुमच्या कार्डावर तिथूनच येईल. विम्याचा दावा माझा आणि कुरियरचा, त्यात तुम्हाला काही करावं लागणार नाही.

पार्सल उशिरा कुठून तुमच्यापर्यंत आलंच, तर ते आपल्या खर्चाने परत पाठवू नका. ऑर्डरच्या मेसेजमध्ये कळवा, मी पिकअप लावतो.