गहुंजे अर्धं, सातारा भरलेलं

9 एप्रिल 2022 च्या रात्री आमच्या घरच्या ग्रुपवर लागोपाठ दोन फोटो आले. एक दादाचा, पुण्याजवळच्या गहुंजेच्या स्टेडियममधून. मुंबई-बंगळूर सामना, पण तिकिटं निम्म्याच जागांची विकलेली. दुसरा मामेभावाचा, साताऱ्याहून. दोन वर्षांच्या खंडानंतर झालेली महाराष्ट्र केसरी, कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटलाकडे गदा आणि माणसाला माणूस खेटलेला. लगेच वाद पेटला. दादा म्हणाला, राज्याने एप्रिलच्या सुरुवातीलाच कोरोनाचे निर्बंध उठवले, मग आयपीएललाच 50 टक्के कशाला? आत्याने लिहिलं, मागच्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनच्या एका खाटेसाठी किती फोन केले होते ते विसरलास का? मग दादाने मला, इंग्लंडात बर्मिंगहॅमला, साक्षीला ओढलं : ‘तुमच्याकडे तर सगळं कधीच उघडलंय.’

उघडलंय, खरं आहे. 19 जुलै 2021 पासून इथली मैदानं पूर्ण भरू लागली. पण त्याआधी काय झालं, ते पुण्यात बसून दिसत नाही.

जून 2021 मध्ये आमच्या बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन मैदानावर इंग्लंड-न्यूझीलंड कसोटी झाली. रोज सुमारे 18 हजार प्रेक्षक, म्हणजे 70 टक्के मैदान. मी गेलो होतो. गर्दीत संसर्ग किती पसरतो हे पाहण्याच्या सरकारी प्रयोगाचाच तो भाग होता. चाचणी निगेटिव्ह असल्याशिवाय आत सोडत नव्हते आणि 16 वर्षांखालच्यांना प्रवेशच नव्हता, त्यामुळे लेकाला घरी ठेवावं लागलं. सामन्याच्या आधी आणि नंतर घरी पीसीआर करून पाठवा, अशी विनंती होती. माझी दुसरी चाचणी मी न चुकता पाठवली. पण पहिल्या टप्प्याचा अहवाल आला तेव्हा कळलं, दोन्ही चाचण्या पूर्ण करणारे जेमतेम 15 टक्के होते. इंग्रज माणूसही सामना संपला की घरी जातो आणि विसरतो.

तरी मोजणी झाली, हे मला फार मोलाचं वाटतं. त्याच जुलैत लंडनच्या वेम्बली मैदानावर झालेल्या युरो फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्याला 67 हजारांवर लोक होते. विनातिकीट जमावाने दारं फोडली, तपासणी कोलमडली. ऑगस्टमध्ये आकडे जाहीर झाले : सुमारे 2,300 जण बहुधा संसर्ग घेऊनच आले होते आणि आणखी 3,400 जणांना त्या वेळी लागण झाली असावी. विम्बल्डनला दोन आठवड्यांत कितीतरी जास्त लोक येऊन गेले, तिथे लागण झालेल्यांचा आकडा 600च्या आत राहिला. गर्दी दोन्हीकडे, पण टेनिसचा प्रेक्षक जागेवर बसतो. फुटबॉलचा पबमधून गात येतो आणि गळ्यात पडतो. नुसत्या टक्केवारीवर भांडून हा फरक हाती लागत नाही.

याच देशाने मार्च 2020 मध्ये चेल्टनहॅमच्या घोड्यांच्या शर्यती चार दिवस होऊ दिल्या. माद्रिदमध्ये सामने बंद दाराआड असताना तिथल्या फुटबॉल संघाचे 3,000 पाठीराखे लिव्हरपूलला येऊ दिले. म्हणून ‘इंग्लंडने केलं’ एवढं पुरावा म्हणून चालणार नाही. आणि 1 एप्रिलला, महाराष्ट्राने निर्बंध उठवले त्याच सुमारास, इंग्लंडने बहुतेकांसाठी मोफत चाचण्या बंद केल्या. ते मला अजिबात पटलेलं नाही.

मैदानं उघडावीत या मताचा मी होतो. लसीचे दोन डोस झाले होते, कुस्तीगिरांची दोन वर्षं वाया गेली होती, स्टेडियमबाहेर वडापाव विकणाऱ्याचीही. गहुंजेला 50 टक्के आणि साताऱ्याला मोकळं रान, यात आरोग्याचा विचार मला दिसला नाही. पण आत्याचा प्रश्न उरतोच. मार्च 2021 मध्ये अहमदाबादला भारत-इंग्लंडचे पहिले दोन टी-ट्वेंटी हजारो प्रेक्षकांसमोर झाले आणि तिसऱ्यापासून दारं बंद झाली. प्रेक्षकांपैकी पुढे किती आजारी पडले, हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही, मीही नाही. आता तिकीट विकताना मोबाईल नंबर घेतलाच जातो. दहा दिवसांनी त्यावर ‘ताप आला का, चाचणी केली का’ एवढं विचारणं जमण्यासारखं आहे.

दादाला मी लिहिलं, पुढच्या सामन्यालाही जा, पुतण्यालाही ने. फक्त आत्या त्याच घरात राहते. पाच दिवस तिच्यासमोर मास्क लाव आणि मधे एकदा घरीच तपासून घे. पुण्याच्याच मायलॅबचं किट तेव्हा औषधाच्या दुकानात मिळत होतं, 250 रुपयांना. त्याने अंगठा पाठवला. आत्याने विचारलं, ‘दोन किटं आणशील का? एक मला.’