राहिलो तर जादा व्याज, निघालो तर दंड

चिपळूणच्या बाजारपेठेत माझे दोन गाळे आहेत. त्यांच्यावर एका फायनान्स कंपनीचं कर्ज आहे आणि हप्ता एकदाही चुकलेला नाही. पुरानंतर भाडेकरू शटर ओढून निघून गेला तेव्हासुद्धा नाही. आता एक बँक कमी व्याजाने हे कर्ज उचलायला तयार आहे, पण ही कंपनी मला सोडायलाच तयार नाही!

फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, ६.५० टक्के होता, डिसेंबरात ५.२५ झाला. माझा व्याजदर मात्र जागचा हलला नाही. विचारलं तर म्हणे, "तुमचं लोन आमच्या पीएलआरला जोडलंय, रेपोला नाही." पीएलआर म्हणजे कंपनी स्वतःच ठरवते तो मूळ दर. मग २०२२ मध्ये रेपो चढायला लागला तेव्हा तुमचा पीएलआर बरा लगोलग चढला? वर त्यांच्याच जाहिरातीत नव्या गिऱ्हाइकाला माझ्यापेक्षा कमी दर!

बरं, निघतो म्हटलं तर मुदतीआधी फेडण्याचे चार टक्के. चाळीस लाख बाकीवर १,६०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,८८,८००. घेतलेले पैसे परत करतोय म्हणून दंड! फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराच्या घरकर्जावर बँकांना हा दंड २०१२ मध्येच बंद करावा लागला. धंद्याच्या कर्जाची आठवण व्हायला २०२५ चा जुलै उजाडला. तेव्हा रिझर्व्ह बँकेने व्यक्ती आणि लहान उद्योगांच्या अशा कर्जांवरही बँकांना आणि बड्या फायनान्स कंपन्यांना मनाई केली, पण १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांनाच. आम्ही आधीचे. आम्ही कोणाचं घोडं मारलंय?

नव्या बँकेचा व्हॅल्युअर, गाळ्यांची किंमत ठरवणारा, आला तो आधी भिंतीवर पुराची खूण शोधायला लागला. अहो, २२ जुलै २०२१ ला पाणी कुठवर होतं ते आम्हाला विचारा ना, आम्ही चिखल उपसलाय! त्यानंतर दुकानं पुन्हा उभी राहिली, नवा लिव्ह अँड लायसन्स रीतसर नोंदवलेला आहे, भाडं महिन्याच्या महिन्याला खात्यात जमा होतंय. ते कागद त्याने उलटूनसुद्धा पाहिले नाहीत. किंमत खाली ओढली, त्यामुळे मंजुरी जेमतेम बाकीपुरतीच.

आणि फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज बंद करायला किती भरायचं ते सांगणारं पत्र? रत्नागिरीची शाखा म्हणते मुंबईला मेल करा, मुंबई म्हणते शाखेत जा. मध्येच कंपनीच्या रिटेन्शनवाल्यांचा, म्हणजे गिऱ्हाईक थोपवणाऱ्यांचा, फोन, "सर, थांबलात तर रेट कमी करून देतो." म्हणजे कमी करता येत होता! मग आजवर जादा का घेतलात? माझ्या भाड्यातला पैसा होता तो. भाडेकरूला दोन महिने सवलत दिली असती, पत्र्याचं काम करून घेतलं असतं. हे ऐकल्यापासून डोकं फिरलंय माझं.

ते लेटर आलं तरी ठरावीक तारखेपर्यंतच चालतं. नव्या बँकेच्या मंजुरीलाही मुदत. लेटर हातात येईस्तोवर मंजुरीची मुदत संपणार, मग पुन्हा प्रोसेसिंग फी, पुन्हा मालकी तपासणारा सर्च रिपोर्ट, पुन्हा वकील.

लेखी तक्रार दिली आहे, पोच घेतली आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार. आणि कर्ज फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत हातात द्यायचे, नाहीतर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई, हा नियमही त्याच अर्जात लिहून ठेवलाय.