पंचेचाळीस दिवस कोणत्या तारखेपासून? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मिस्टरी शॉपिंगच्या, म्हणजे गुप्त ग्राहक बनून दुकानांची सेवा तपासण्याच्या कामाच्या, मानधनाविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण नाशिकहून पाठवलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तिला चार ओळींत उत्तर देणे मला योग्य वाटले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी हकिकत थोडक्यात सांगते. फेब्रुवारीत आपण एका कपड्यांच्या दुकानसाखळीच्या पाच शाखांमध्ये गुप्त ग्राहक म्हणून गेलात. प्रत्येक भेटीचे ४०० रुपये मानधन आणि ५०० रुपयांच्या खरेदीची भरपाई असे एकूण ४,५०० रुपये ठरले होते आणि ते ४५ दिवसांत मिळतील असे काम देणाऱ्या मिस्टरी शॉपिंग कंपनीकडून सांगण्यात आले होते. जुलै उजाडला तरी एक रुपयाही आलेला नाही. दोन रिपोर्ट साठाव्या दिवशी 'फोटो अस्पष्ट' एवढेच कारण देऊन नाकारले गेले, आणि विचारणा केल्यावर कंपनीच्या को-ऑर्डिनेटरने (भेटींची कामे वाटणाऱ्याने) आपल्याला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढून टाकले. "रिपोर्ट बिनचूक असेल तर पैसे अडकत नाहीत" हे माझे वाक्य आपल्याला जखमेवर मीठ चोळल्यासारखे वाटले, आणि कायद्याच्या गोष्टी पाचशे रुपयांच्या बिलाला काय कामाच्या, असे आपण विचारले आहे.

ते वाक्य चुकीचे होते, आणि मूळ लेखातून मी ते आज काढून टाकले आहे. मला स्वतःला ते चुकीचे असल्याचा अनुभव असताना मी ते लिहिले, याचे मला वाईट वाटते. काही वर्षांपूर्वी पुणे-सोलापूर रस्त्यावरील एका उपाहारगृहाचे ऑडिट मी केले होते. बिल ६४० रुपयांचे होते, रिपोर्ट त्याच रात्री गेला, फोटोही जोडला होता. अडतिसाव्या दिवशी कंपनीने मूळ बिल मागितले. मी ते जपून प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात घालून फाइलला लावले होते. पाकीट काढून पाहिले तर आत कोरा कागद होता. उजेडासमोर तिरपा धरल्यावर एकूण रकमेची ओळ तेवढी पुसट दिसत होती. थर्मल कागदावरची छपाई प्लास्टिकच्या सहवासात उडते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मानधन मिळाले, पण ६४० रुपये बुडाले. तेव्हापासून मी बिल कागदी लिफाफ्यात ठेवते आणि दुकानाच्या दारातच त्याचा फोटो स्वतःला मेल करते. मात्र यातला खरा धडा बिलाचा नव्हता. अडतीस दिवस कंपनी गप्प बसू शकली, कारण किती दिवसांत आक्षेप घ्यायचा हे आमच्यात कुठेच ठरलेले नव्हते. रिपोर्ट कितीही बिनचूक असो, आक्षेपाला मुदत नसेल तर पैसे अडकवता येतात. मूळ लेखात हेच लिहायला हवे होते.

आपल्याला जे '४५ दिवस' सांगितले गेले, त्यांचाही अर्थ असाच सैल आहे. ते भेटीच्या तारखेपासून मोजायचे, रिपोर्ट मंजूर झाल्यापासून, की ज्या महिन्यात मंजूर झाला तो महिना संपल्यापासून? समजा, भेट ३ मार्चला झाली, तपासणी विभागाने रिपोर्ट २ एप्रिलला मंजूर केला, आणि कंपनी एप्रिल संपल्यावर मोजायला सुरुवात करते. मग पैसे १४ जूनला येतील, म्हणजे भेटीपासून १०३ व्या दिवशी, आणि तरीही को-ऑर्डिनेटर शांतपणे म्हणेल की आम्ही ४५ दिवसांचा शब्द पाळला. या कामात आपण केवळ श्रम देत नाही, खरेदीचे पैसेही खिशातून घालतो. म्हणजे कंपनीला बिनव्याजी उसनवारी देतो. उसने देणारा माणूस परतफेडीची तारीख विचारतो. आपण शॉपर मंडळी मात्र ती विचारायला संकोचतो, कारण पुढचे असाइनमेंट मिळणार नाही अशी धास्ती असते. ही धास्ती खोटी नाही, आणि ती तशी नसती तर आपली प्रतिक्रिया इतकी कडवट झाली नसती.

आता कायद्याविषयी. येथे मी आपल्याशी पूर्ण सहमत नाही. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ हा केवळ कारखान्यांसाठी आहे असा समज आहे, पण सेवा देणारी एकटी व्यक्तीही उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) करून त्याखाली येऊ शकते. जुलै २०२० पासून ही नोंदणी ऑनलाइन, आधारवर आणि विनामूल्य होते. (तिच्यासाठी हजार-दोन हजार रुपये मागणारी संकेतस्थळे खासगी दलालांची आहेत, त्यांच्याकडे वळू नये.) या कायद्याच्या १५ व्या कलमानुसार लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि करारच नसेल तर ती १५ दिवसांची असते. त्याहून मोलाची गोष्ट अशी की ही मुदत काम स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजली जाते, आणि काम दिल्यापासून १५ दिवसांत लेखी आक्षेप आला नाही तर ते स्वीकारले गेले असे धरले जाते. साठाव्या दिवशीचे 'फोटो अस्पष्ट' या कसोटीवर टिकणारे नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज देणे लागते. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते आणि ती सुविधा परिषदेकडे, म्हणजे अशा थकलेल्या देण्यांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, जाते. महाराष्ट्रात अशा परिषदा विभागवार आहेत, आणि खरेदीदार कंपनी देशात कुठेही असली तरी आपल्या विभागातील परिषदेकडे दाद मागता येते. निकाल ९० दिवसांत द्यावा असे कायदा म्हणतो, पण प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. परदेशी कंपनीला, म्हणजे पेपॅलने डॉलर पाठवणाऱ्यांना, यातले काहीच लागू पडत नाही. तिथे भेटींची संख्या मर्यादित ठेवणे एवढेच आपल्या हाती उरते.

आपण म्हणाल, चारशे रुपयांसाठी परिषदेत कोण जाणार? बहुतेक वेळा जावे लागत नाही. आयकर कायद्यात १ एप्रिल २०२४ पासून अशी तरतूद आहे की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे देणे कंपनीने या मुदतीत दिले नाही आणि ते ३१ मार्चला थकीत राहिले, तर त्या वर्षी तिला तो खर्च वजावटीत धरता येत नाही. म्हणून मार्चमध्ये कंपन्यांचे लेखापाल उद्यम प्रमाणपत्रे गोळा करत असतात. माझ्या बिलावर उद्यम क्रमांक छापायला लागल्यापासून को-ऑर्डिनेटरऐवजी हिशेब विभागातून उत्तरे येऊ लागली, हा फरक मी स्वतः पाहिला आहे. को-ऑर्डिनेटर आपल्यासारखाच मधल्यामध्ये अडकलेला असतो. देयक मंजूर करण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला शंभर वेळा विचारूनही कागदावर काही उमटत नाही.

मात्र आपल्या या पाच भेटींना हा कायदा उपयोगी पडेल याची खात्री नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. भेटींच्या वेळी आपली उद्यम नोंदणी नव्हती, आणि नोंदणीचा लाभ मागील कामाला मिळत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सिल्पी इंडस्ट्रीज प्रकरणात म्हटले होते; २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवला. म्हणून आपले ४,५०० रुपये साध्या कराराच्या मार्गाने मागणे बरे. त्यासाठी देय तारखेपासून तीन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे वेळ गेलेली नाही.

आपण जाता जाता लिहिलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. याच कंपनीने आपल्या आधीच्या पेमेंटमधून १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर) कापला होता. टीडीएस पैसे दिल्यावर किंवा ते देणे हिशेबात जमा धरल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा कापावा लागतो. जानेवारी ते मार्च या तिमाहीचे विवरण कंपनीला ३१ मेपर्यंत भरावे लागते, म्हणजे ते आता आपल्या २६एएसमध्ये (आपल्या नावावर कापलेल्या कराची नोंद दाखवणाऱ्या आयकर खात्याच्या विवरणपत्रात) दिसायला हवे. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर जाऊन ते आजच पाहावे. तेथे फेब्रुवारी-मार्चची नोंद आणि २,००० रुपये मानधन दिसले, तर कंपनीने पाचही भेटींचे देणे स्वतःच्या वहीत मान्य केले असा त्याचा अर्थ होईल, आणि मग दोन रिपोर्ट नाकारल्याचे कारण तिला पुढे करणे अवघड जाईल. नोंद दिसली नाही तरी आपली मागणी बाद होत नाही, कारण रक्कम मर्यादेखाली असल्याने कर कापला गेला नसेल. यापुढे मानधनाचे आणि खरेदीच्या भरपाईचे बिल वेगळे द्यावे. दोन्ही एकत्र केली की खिशातून घातलेल्या पैशांवरही कर कापला जातो, असे माझ्या बाबतीत दोनदा झाले आहे.

दोष शॉपरच्या माथी मारण्याची माझी इच्छा नाही, पण नव्या कंपनीच्या पाच भेटी पैसे येण्याआधीच स्वीकारणे धोक्याचे होते, हे आपलेपणाने सांगते. मी नव्या कंपनीच्या दोनच भेटी घेते, आणि त्यांचे पैसे खात्यात आल्याशिवाय तिसरी घेत नाही, मग ती दुप्पट मानधनाची का असेना. स्वीकारण्याआधी मेलवर एकच वाक्य लिहून मागते: "रिपोर्टमध्ये त्रुटी असल्यास १५ दिवसांत लेखी कळवण्यात येईल, आणि भेटीच्या तारखेपासून ४५ दिवसांत मानधन व भरपाई जमा होईल." काही जण उत्तरच देत नाहीत. त्यांची कामे मी सोडून देते.

आता आपण करावयाचा मेल. तो को-ऑर्डिनेटरला न पाठवता कंपनीच्या हिशेब विभागाला पाठवावा आणि को-ऑर्डिनेटरला प्रत द्यावी. त्यात पाच भेटींच्या तारखा, शाखा, रिपोर्ट पाठवल्याची वेळ आणि बिलांचे फोटो असावेत. नाकारलेल्या दोन रिपोर्टविषयी, कोणता फोटो अस्पष्ट आहे आणि त्रुटी कळवायला साठ दिवस का लागले, असे दोनच प्रश्न विचारावेत. मान्य असलेल्या तीन भेटींचे २,७०० रुपये वादात नाहीत, ते सात दिवसांत जमा करावेत असे स्वतंत्र वाक्यात लिहावे, म्हणजे वाद असलेल्या रकमेच्या आडून ते रोखता येणार नाहीत. २६एएसमध्ये नोंद मिळाली तर त्या पानाची प्रत जोडावी. मसुदा पाठवण्याआधी येथे टाकलात, तर मी तो त्याच दिवशी पाहीन.