होशेयचं पुस्तक शेजाऱ्याला ऐकवायला नाहीये

परवा आमच्या चर्चच्या ग्रुपवर परत तेच झालं, मूर्तिपूजेवरचं एक वचन, खाली दुसऱ्या धर्माच्या लोकांना टोमणा, आणि वचन कुठलं तर होशेयचं. मला खरंच फार वाईट वाटलं. अहो, बायबलमधला हा संदेष्टा होशेय शेजाऱ्यांशी बोलतच नाहीये!

तो इ.स.पू. ८व्या शतकातला, उत्तरेकडच्या इस्राएल राज्यातला. दुसऱ्या यराबाम राजाच्या काळात पैसा खेळत होता, यज्ञ जोरात चालू होते, आणि हा माणूस आपल्याच लोकांना सांगतो की देव नवरा, तुम्ही त्याची बायको, आणि बआल नावाच्या दुसऱ्या देवामागे जाऊन तुम्ही व्यभिचार करताय. हा शब्द नीट बघा ना, ज्याच्याशी लग्नच झालेलं नाही त्याच्यावर हा आरोप करताच येत नाही. सीनाय डोंगरावर देवाशी करार करून शब्द दिला होता इस्राएलने, शेजारच्या सोर-सीदोन शहरांतल्या लोकांनी नाही.

आणि बआल हवा कशाला होता? तिकडे नाईलसारखी नदी नाही, शेती सगळी पावसावर, आणि बआल म्हणजे पावसाचा, वादळाचा देव. मी जिरायती भागात वाढलेय, मृग कोरडा गेला की घरात कसं वातावरण असतं ते मला माहितीये, त्यामुळे त्या लोकांची भीती मला परकी वाटत नाही. याव्हेलाही, म्हणजे इस्राएलच्या देवालाही यज्ञ आणि बआललाही, रिस्क कशाला घ्या. देवाचं दुखणं मात्र दुसऱ्या अध्यायात एका ओळीत आलंय, की धान्य, द्राक्षारस, तेल मीच देत होतो हे तिला, म्हणजे बायको झालेल्या इस्राएलला, कळलंच नाही. मला तर पूर्ण पुस्तकात हेच सगळ्यात जास्त लागतं.

होशेयला हे नुसतं बोलायचं नव्हतं, घरात भोगायचं होतं. बायको गोमेर, तीही बेइमान, मुलीचं नाव लो-रुहामा म्हणजे जिच्यावर दया नाही ती, धाकट्याचं लो-अम्मी म्हणजे माझे लोक नव्हेत. रोज जेवायला हाक मारायची ती या नावांनी!

एक गोष्ट बाई म्हणून बोलणारच. त्याच दुसऱ्या अध्यायात त्या बायकोला उघडी करण्याची धमकी आहे, यहेज्केल या दुसऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकात १६व्या अध्यायात तर त्याहून भयंकर, आणि गोमेरच्या तोंडी स्वतःचा एक शब्द नाही. प्रवचनात हे गाळतात, ते बरोबर नाही, बायकांना ते वाचताना त्रास होतो आणि तो व्हायलाच पाहिजे.

पण पुस्तक तिथे थांबत नाही. हिब्रूत बआल या शब्दाचा अर्थच मुळात मालक, नवरा. आपल्याकडे बायका 'आमचे मालक' म्हणतात ना, तसंच. आणि देव म्हणतो, त्या दिवशी तू मला 'माझा बआल' म्हणणार नाहीस, 'इशी' म्हणशील. इशी म्हणजे माझा माणूस. मग ११व्या अध्यायात तर नवराबायकोचं चित्रच बाजूला पडतं आणि एक आईबाप दिसतात, लेकराला हाताला धरून चालायला शिकवणारे, ते लेकरू पाठ फिरवून गेलेलं, आणि तरी तुला सोडून कसं देऊ म्हणून आतून तुटणारे. पुढे इ.स.पू. ७२२ च्या सुमाराला अश्शूरच्या साम्राज्याने राजधानी शोमरोन घेतलं, राज्य संपलं, पण ती ओळ राहिली. तिथेच, ११व्या अध्यायात, देव म्हणतो, मी माझा भडकलेला राग चालवणार नाही, कारण मी देव आहे, माणूस नाही. आणि माणूस म्हणून तिथे मूळ हिब्रूत शब्द कुठला आहे माहितीये? तोच, 'इशी'मधला इश.